मथळ्यांतला मतदार

बातमीतले मत विशेषणात लपते, असा आपला समज असतो. मला ते क्रियापदात अधिक सापडते. आमच्या आमलीत मराठी आणि गुजराती अशी दोन्ही वृत्तपत्रे वाचणारी घरे आहेत, त्यामुळे ताडून पाहण्याची सोय आयतीच आहे.

२०२१ ची दादरा-नगर हवेलीची लोकसभा पोटनिवडणूक घ्या. खासदार मोहन डेलकर यांचा त्या वर्षी २२ फेब्रुवारीला मुंबईत मृत्यू झाला. पत्नी कलाबेन शिवसेनेतर्फे उभ्या राहिल्या आणि भाजपच्या उमेदवाराविरुद्ध ५१,२६९ मतांनी निवडून आल्या. शिवसेनेचा महाराष्ट्राबाहेरचा हा पहिला खासदार, एवढी बातमी खरी. पण मराठी पानांवर भगवा फडकला, सीमोल्लंघन झाले. मी वाचलेल्या गुजराती पानांवर प्रश्न एकच : भाजप का हरला? एकाची नजर मुंबईवर, दुसऱ्याची गांधीनगरवर. सिल्वासा मधल्यामध्ये राहिले.

वास्तविक ही जागा आधी भाजपकडे नव्हतीच. २०१९ मध्ये डेलकर अपक्ष म्हणून ९,००१ मतांनी जिंकले होते. १९८९ पासून सात वेळा ते निवडून आले : कधी अपक्ष, कधी काँग्रेस, कधी भाजप, एकदा स्वतःच्या भारतीय नवशक्ती पक्षातर्फे. आदिवासींसाठी राखीव असलेल्या या मतदारसंघात झेंडे बदलत गेले, नाव राहिले. हा इतिहास ज्या बातमीत नाही, तिच्यातला 'फडकला' हा शब्द वृत्त नव्हे, जयघोष आहे. अग्रलेखात खुशाल जयघोष करावा, सहीनिशी करावा. तिथे माझी तक्रार नाही.

या जयघोषाची किंमत इथल्या मराठी माणसाला मोजावी लागते, हे मुंबईच्या संपादकांच्या गावीही नसते. निकालानंतर शेजारी हसत म्हणतात, "तुमचा पक्ष आला." मत कोणाला दिले हे कोणी विचारत नाही, आडनावावरून ठरते. तीन-तीन पिढ्या इथे काढून एका मथळ्याने आपण पाहुणे होतो.

पुढे २०२४ मध्ये कलाबेन भाजपच्या तिकिटावर उभ्या राहिल्या आणि सुमारे ५७ हजारांनी जिंकल्या. मग एकाच घटनेला कुठे 'प्रवेश', कुठे 'साथ सोडली'! खानवेलकडच्या वारली मतदाराने दोन्ही वेळा तेच नाव का निवडले, हे त्याच्या तोंडून ऐकून लिहिलेली बातमी मात्र दोन्ही भाषांत माझ्या वाचनात आली नाही.