पिझ्झा 'फॅमिली'चा, पण शेजार कुणाचा?

मराठीत 'फॅमिली' या शब्दाचे निदान दोन अर्थ आहेत. एक कुटुंब. दुसरा बायको. 'काल फॅमिलीला घेऊन साताऱ्याला गेलो होतो' असं म्हणणारी माणसं आमच्या लोणंदच्या बाजारात आजही भेटतात. हाच शब्द हॉटेलच्या पाटीवर चढला की त्याला तिसरा अर्थ चिकटतो. 'फॅमिली रूम' म्हणजे जिथे बायकांकडे कुणी टक लावून बघणार नाही अशी जागा. खाली परमिट रूम, वर फॅमिली. मध्ये जिना, नाहीतर पडदा, नाहीतर प्लायवूडचं पार्टिशन. जेवण दोन्हीकडे एकाच किचनमधून येतं. म्हणजे आपल्याकडे 'फॅमिली' हा गुण पदार्थात नसतो, भिंतीत असतो.

हे आधी सांगायचं कारण असं, की गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पिझ्झाच्या हॉटेलांबद्दल आपण जे काही लिहितो-बोलतो, त्यात दोन शब्द सतत येतात. 'फॅमिली फ्रेंडली' आणि 'नेबरहूड'. ऑफिसच्या ग्रुपवर गोव्याचा प्लॅन शिजायला लागला की कुणीतरी लिंक टाकतं, खाली लिहितं, 'आईबाबांना घेऊन जायला बेस्ट. एकदम नेबरहूड वाइब.' आपण अंगठा दाखवतो आणि सेव्ह करतो. माझं म्हणणं असं आहे, की हे दोन अगदी वेगळे दावे आहेत. पहिला बऱ्यापैकी खरा आहे आणि तो का खरा आहे हे समजून घेण्यासारखं आहे. दुसरा मात्र तपासून घ्यायला हवा.

उष्टं न होणारं एकत्र ताट

काणकोण तालुक्यातलं पाळोळे घ्या, नाहीतर वर पेडण्यातलं हरमल. पाळोळ्याला 'मॅजिक इटली' आहे, हरमलला 'फेलिनी'. दोन्हीकडे लाकडाच्या भट्टीत भाजलेला पिझ्झा मिळतो, दोन्ही नावं गोव्याला वारंवार जाणाऱ्यांच्या तोंडी असतात. अशा जागांत महाराष्ट्रातून आलेलं चार-पाच जणांचं कुटुंब कसं बसतं ते बघण्यासारखं असतं. शेजारच्या टेबलावर बिअर आहे, आपल्या टेबलावर लिंबूसोडा आहे, मध्ये पडदा नाही आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. जी आई आपल्या तालुक्याच्या गावी 'तिथे नको, तिथे पितात' म्हणून पुढच्या हॉटेलकडे बोट दाखवते, ती इथे निवांत असते. भिंत गेली, पण तिचं काम कुणीतरी करतंय.

ते काम काही अंशी पिझ्झाच करतो. आपल्या घरांत एकत्र जेवण्यातली सगळ्यात मोठी अडचण उष्ट्याची. पिझ्झा टेबलावर येतो तो सगळ्यांचा असतो, पण सुरी फिरली की तुकड्यागणिक वेगळा होतो. एकाच थाळीतून सगळे खातात आणि कुणी कुणाचं उष्टं खात नाही. हाताने खायचा, म्हणून आजीला काट्या-चमच्याची परीक्षा द्यावी लागत नाही. अर्ध्यावर मशरूम, अर्ध्यावर नुसतं चीज असा तह होतो. लहान मूल कडा टाकून देतं, त्या बाबांच्या वाट्याला येतात. समोर उघडी भट्टी असेल तर पदार्थ येईपर्यंतची वीस मिनिटं मुलं तिकडे बघण्यात घालवतात, त्यांच्या हातात मोबाइल द्यावा लागत नाही. मोठ्या कुटुंबाच्या वेळापत्रकात ही वीस मिनिटं फार मोलाची असतात.

याच्याशेजारी गुहागर-दापोलीकडची घरगुती खानावळ ठेवून बघा. तिथेही कुटुंबच जेवतं, पण ते यजमानांच्या कुटुंबाच्या अटींवर. किती माणसं, मासा की शाकाहारी, किती वाजता, हे आधी फोन करून सांगायचं. सोलकढी घरची, मोदक ऑर्डरप्रमाणे. चवीत या खानावळी कुठल्याही पिझ्झाला सहज मागे टाकतील, पण तिथे आपण पाहुणे असतो आणि पाहुण्याला थोडं आवरून बसावं लागतं. पिझ्झाच्या टेबलावर आपण गिऱ्हाईक असतो. पोरानं टोमॅटो सॉस सांडला तर ओशाळायला होत नाही. सुट्टीत हा मोकळेपणा हवासा वाटतो, त्यात गैर काही नाही.

एका गावाने भिंत वेशीवर नेली

समुद्र, पिझ्झा आणि कुटुंब हे त्रिकूट मुळात गोव्याचं नाही. पिझ्झा नेपल्सचा, म्हणजे बंदराच्या शहरातल्या गरिबांचं रस्त्यावरचं खाणं. त्याला घरच्यांनी मिळून जाण्याचं ठिकाण केलं ते मुख्यतः अमेरिकेने. पिझ्झा हट १९५८ साली कॅन्सस राज्यातल्या विचिटा इथे निघालं, जिथून समुद्र शेकडो मैल लांब आहे. त्याच्या दोन वर्षं आधी, १९५६ साली, न्यू जर्सीतल्या ओशन सिटी या किनाऱ्यावरच्या गावात समुद्रालगतच्या लाकडी फरसबंदीवर 'मॅक अँड मॅन्को' नावाचं पिझ्झाचं दुकान सुरू झालं. आज ते 'मॅन्को अँड मॅन्को' म्हणून ओळखलं जातं.

ओशन सिटीची गंमत वेगळीच आहे. १८७९ साली मेथडिस्ट धर्मोपदेशकांनी हे गाव वसवलं आणि तिथे दारूविक्रीला बंदी आहे. गाव स्वतःची जाहिरात कुटुंबांचं सुट्टीचं ठिकाण म्हणूनच करतं. आपण हॉटेलात परमिट रूम आणि फॅमिली रूम यांच्यामध्ये जी भिंत घालतो, ती या गावाने थेट वेशीवर नेऊन बांधली. आत सगळंच फॅमिली. तिथल्या पिझ्झाच्या दुकानाला 'फॅमिली फ्रेंडली' होण्यासाठी वेगळं काही करावंच लागत नाही.

गोव्याचा रस्ता बरोबर उलटा. इथे भिंत कुठेच नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर पिझ्झा, पास्ता, केळ्याचे पॅनकेक आले ते मुळात कुटुंबांसाठी नव्हेच. साठ-सत्तरच्या दशकांपासून महिनोन्महिने मुक्काम ठोकणाऱ्या परदेशी प्रवाशांच्या भुकेसाठी आले. आपण कुटुंबं नंतर आलो आणि तयार मांडलेल्या टेबलावर बसलो. त्यामुळे तिथला मोकळेपणा आपल्यासाठी केलेला नाही, आपल्याला तो आयता मिळाला आहे. तरीही मिळाला आहे हे खरंच.

जुलैतला मंगळवार

आता दुसरा शब्द. शेजार.

सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक सवय लागते. सिस्टिम चांगली आहे असं कुणी म्हणालं की आम्ही विचारतो, कुणासाठी? आणि लोड नसताना ती काय करते? हॉटेलाच्या बाबतीत हाच प्रश्न असा विचारता येईल : जुलैतल्या मंगळवारी, धो-धो पाऊस पडत असताना, इथे कोण जेवतं?

गोव्याच्या वाळूवरचे शॅक हंगामी परवान्यावर चालतात आणि पावसाळ्याआधी उतरवले जातात. पाळोळ्याच्या किनाऱ्यावरच्या बांबू-प्लायवूडच्या झोपड्याही तशाच सुट्या करून ठेवतात. मोठी, विटा-मातीची पिझ्झाची भट्टी मात्र अशी उचलून ठेवता येत नाही. म्हणून अशा भट्टीचं हॉटेल बहुधा वाळूपासून थोडं आत, रस्त्याच्या कडेला, पक्क्या जागेत असतं. म्हणजे जागेच्या हिशेबाने ते गावातच आहे. एका बाजूला किराणा दुकान, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी अंगण. पण मेनूवरचे आकडे गावाच्या पगाराकडे बघून लिहिलेले नसतात, ते विमानाच्या तिकिटाकडे बघून लिहिलेले असतात. भट्टीपुढे उभा असलेला मुलगा अनेकदा नेपाळचा किंवा ओडिशाचा असतो. तो गावात सहा-सात महिने राहतो आणि हंगाम संपला की दुसऱ्या कामावर जातो. गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, दिल्लीचं, रशियाचं. शेजार या शब्दात जी माणसं यायला हवीत, त्यांतली किती माणसं टेबलाच्या कुठल्याही बाजूला आहेत?

हा दोष मी कुठल्याही एका हॉटेलाच्या माथी मारत नाही. सुट्टीच्या गावातलं अर्थकारणच तसं आहे. चार-पाच महिन्यांत वर्षाचं भाडं काढायचं तर दर वाढणार. दर वाढले की गावकरी येणार नाहीत. गावकरी नाहीत म्हटल्यावर पावसाळ्यात बंद ठेवणं भाग. आणि पावसाळ्यात बंद म्हणून उरलेल्या महिन्यांत दर आणखी वर. हे चक्र कुणी दुष्टपणे फिरवत नाही. पण त्या चक्राला 'नेबरहूड वाइब' म्हणणं हे आपलं, समीक्षा लिहिणाऱ्यांचं, काम नव्हे. पिवळा दिवा, मातीची भिंत आणि दारातलं मांजर यांनी शेजार होत नाही.

गावातली दुसरी भट्टी

कारण त्याच गावांमध्ये आणखी एक भट्टी असते, किंवा अगदी अलीकडेपर्यंत होती. पोदेराची.

पोर्तुगिजांच्या काळापासून गोव्यात पाव भाजणारा हा माणूस. पोई, उंडो, कात्रे पाव, कडक काकणं, असे त्याचे प्रकार. एकेकाळी पीठ फुगवायला माडाची ताडी, म्हणजे सूर, वापरत. भट्टी लाकडाची. पहाटे आणि दुपारनंतर सायकलला बांधलेल्या टोपलीतून, भोंगा वाजवत, घरोघर पाव पोचवायचा. कॅथलिक घरातही आणि हिंदू घरातही. शेजाराची याहून नेमकी व्याख्या मला सुचत नाही. भट्टी गावाच्या मध्यभागी आणि तिचं गिऱ्हाईक तिच्या भोंग्याच्या टप्प्यात.

पिझ्झाची भट्टी आणि पोदेराची भट्टी या तंत्राच्या दृष्टीने सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी आहेत. नेपल्सच्या पद्धतीत जाळ भट्टीतच ठेवून चारशे अंश सेल्सिअसच्या वर, ६० ते ९० सेकंदांत पिझ्झा काढतात. पोदेर भट्टी तापवून, निखारे बाजूला सारून, साठलेल्या उष्णतेवर पाव भाजतो. दोन्हीकडे लाकूड, घुमट, लांब दांड्याचं फळं आणि अंगाला चटके सोसलेला माणूस. त्यातल्या नेपल्सच्या कसबाला युनेस्कोने २०१७ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. गोव्यातले पोदेर मात्र एकेक भट्टी बंद करताहेत, किंवा बाहेरून आलेल्या माणसांना चालवायला देताहेत. रात्रभराचं काम, लाकडाचा खर्च, पावाच्या दरातला तुटपुंजा फायदा, आणि बोटीवर किंवा परदेशात नोकरी मिळवलेली पुढची पिढी. यात पिझ्झाचा गुन्हा नाही. पण एकाच गावात एक भट्टी फोटोत आणि दुसरी विस्मरणात जाते, हे समीक्षकाला दिसायला हवं. काही कॅफे आता पोईला मेनूत मानाने जागा देतात. ती पोई गावातल्याच भट्टीवरून येत असेल, तर शेजार या शब्दाची तिथे कुठेतरी सुरुवात झाली असं मी म्हणेन.

कांद्याच्या गावचा पिझ्झा

मिरजहून पुण्याकडे जाणारी गोवा एक्स्प्रेस आमच्या लोणंदच्या स्टेशनवरून जाते. म्हणजे समुद्र आमच्या रुळावरच आहे, फक्त फार लांब आहे. लोणंदची ओळख कांद्याची बाजारपेठ आणि माउलींच्या पालखीचा मुक्काम. पर्यटक इथे येत नाहीत. आम्हीच सुट्टीला वर पाचगणीकडे जातो. तिथे गुरेघरच्या मॅप्रो गार्डनमध्ये लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा, सँडविच, स्ट्रॉबेरी-क्रीम खाऊन घाट उतरतो. १९५९ साली पाचगणीत जॅम बनवण्यापासून सुरू झालेल्या या कंपनीचा परिसरातल्या स्ट्रॉबेरीच्या शेतीशी संबंध आहे, त्यामुळे मुळं तरी तिथल्या मातीत आहेत. पण टेबलावर सगळे माझ्यासारखे घाट चढून आलेले.

आणि तरीही पिझ्झा आमच्याकडेही पोचला आहेच. आपल्या कुठल्याही तालुक्याच्या किंवा बाजारपेठेच्या गावी मिळतो तसा. बेकरीतून आणलेला तयार बेस, त्यावर टोमॅटो सॉस, ढोबळी मिरची, किसलेलं चीज आणि भरपूर कांदा. छोट्या ओव्हनमध्ये गरम करून मिळणारा हा पिझ्झा नेपल्सच्या माणसाला दाखवला तर तो डोळे मिटून घेईल. खालचा बेस पावासारखा, वरचा सॉस गोड. पण तिथे जुलैतल्या मंगळवारी कोण असतं? क्लास सुटलेली दहावीची पोरं. नातवाचा वाढदिवस म्हणून टोपी काढून कोपऱ्यात बसलेले आजोबा. बाजाराच्या दिवशी पट्टी हातात आली म्हणून पोरांना घेऊन आलेलं जोडपं. कॉलेजच्या दोन मैत्रिणी, ज्यांना गावात चहाच्या टपरीवर बसता येत नाही, पण इथे एक पिझ्झा दोघींत घेऊन तासभर बसता येतं. भिंत नाही, पडदा नाही. दुकानदाराला मुलांची नावं माहीत असतात. आणि वरचा कांदा दोन किलोमीटरच्या आतला असतो.

पदार्थ म्हणून मी त्याला पाचापैकी दोन गुण देईन, तेही कांद्याचे. पण शेजारचं हॉटेल म्हणून तो किनाऱ्यावरच्या सुंदर भट्ट्यांना मागे टाकतो. आपल्या रिव्ह्यूच्या ॲपमध्ये या दुसऱ्या गुणाला रकानाच नाही. तिथे चव, सर्व्हिस, वातावरण, पैसा वसूल, एवढंच विचारतात. म्हणून गोव्याच्या हॉटेलांना शेजारपणाचे गुण फुकट मिळतात आणि ज्यांनी ते कमावले, त्यांच्या पानावर 'बेस जाड आहे' एवढी एकच ओळ असते.

याचा अर्थ गोव्याला जाऊन पिझ्झा खाऊ नका असा नाही. आईला घेऊन जा, बिअरच्या शेजारी लिंबूसोडा ठेवा, पोरांना भट्टी दाखवा. तो आनंद खरा आहे. फक्त त्यावर लिहायला बसाल तेव्हा निघण्याआधी काउंटरवरच्या माणसाला दोन गोष्टी विचारून घ्या. पावसाळ्यात काय करता? आणि गावात पाव कुठे मिळतो? दुसऱ्या प्रश्नाला त्याने रस्त्याकडे हात करून वाट सांगितली, तर सकाळी तिकडे जा, पोई विकत घ्या, आणि त्या भट्टीबद्दलही चार ओळी लिहा.