आगबोटीच्या कठड्यावरून

नॉर्वेच्या किनाऱ्यानें उत्तरेस जाणाऱ्या आगबोटींतून फिरून आलेल्यांचीं वर्णनें आतां मराठी वाचकांस अपरिचित राहिलेलीं नाहींत. मध्यरात्रीचा सूर्य, फ्योर्डांचें निळें पाणी आणि रंगीत लाकडी घरांचीं टुमदार बंदरें, हें या वर्णनांचें ठराविक भांडवल होय. हें सौंदर्य आम्हांसहि मान्य आहे. परंतु वाचून संपल्यावर एक बंदर दुसऱ्यापासून ओळखूं येऊं नये, ही लेखनाची मोठीच उणीव म्हटली पाहिजे.

वस्तुतः या प्रत्येक बंदराला इतिहासानें निराळा चेहरा दिला आहे. ओलेसुन १९०४ च्या जानेवारींत एका रात्रींत जळालें आणि अवघ्या तीन-चार वर्षांत, त्या काळच्या नव्या वास्तुशैलींत, दगडविटांनीं पुन्हा उभें राहिलें. हामरफेस्टचीं घरें नवीं दिसतात, कारण १९४४-४५ च्या हिवाळ्यांत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें रहिवाशांस हुसकून सारें गांव भस्मसात् केलें. स्मशानांतील एक प्रार्थनामंदिर तेवढें उरलें. या दोन्ही गांवांस 'टुमदार' हें एकच विशेषण लावून जो लेखक पुढें सरकतो, त्यानें पाहिलें तरी काय?

या दोषाचें मूळ प्रवासाच्या रीतींतहि आहे. १८९३ सालीं रिचर्ड विथ यांनीं ट्रॉन्हायम ते हामरफेस्ट अशी नियमित बोट सुरू केली, तेव्हां ती गांवांसाठीं होती. टपाल, माल आणि माणसें यांसाठीं सारा किनारा तिची वाट पाही. विहारनौकेला मात्र गांव हवें असतें तें कांहीं तासांच्या देखाव्यापुरतें.

येथें क्नूट हामसूनची आठवण होते. त्याचें नाझी-प्रेम निंद्यच. परंतु 'पान' (१८९४) या कादंबरींतील एक प्रसंग विसरतां येत नाहीं. परत निघालेल्या बॅरनच्या बोटीस सलामी म्हणून ग्लान कड्याला सुरुंग लावतो. दरड कोसळते आणि खालीं किनाऱ्यावर कामास लावलेली एव्हा तींत सांपडून मरते. कठड्याशीं उभ्या असलेल्यास ती सलामीच वाटावी. किनाऱ्यावर मात्र एक जीव गेलेला असतो.

आमच्या प्रवासी लेखकांकडून आमची अपेक्षा माफक आहे. दहा बंदरांची नामावळी न देतां त्यांनीं एकाच बंदरांत चार दिवस राहावें, आणि बोट निघून गेल्यावर धक्क्यावर काय उरतें तें लिहावें. तसें एखादें पुस्तक मराठींत आलें, तर त्याचें स्वागत आम्ही मोठ्या आनंदानें करूं.