परीक्षिताचा हरवलेला मृग

परीक्षित राजाची कथा ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात विरळाच. राजा मृगयेस गेला, तहानेने व्याकूळ झाला, ऋषीच्या आश्रमात त्यास पाणी मिळाले नाही, तेव्हा रागाच्या भरात त्याने ऋषीच्या गळ्यात मेलेला सर्प टाकला आणि ऋषिपुत्राच्या शापाने सातव्या दिवशी तक्षकाच्या दंशाने तो मरण पावला, ही हकीकत भागवत सप्ताहाच्या निमित्ताने आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती भागवताच्या प्रथम स्कंधातील होय. परंतु हीच कथा महाभारताच्या आदिपर्वात जो लक्षपूर्वक वाचील, त्यास तेथे पाण्याची याचना आढळावयाची नाही. तेथेही राजा तहानलेला आहे, भुकेला आहे, थकलेला आहे. तथापि ऋषीची गाठ पडताच तो विचारतो ते निराळेच. माझ्या बाणाने विद्ध झालेला मृग नाहीसा झाला आहे, तो आपण पाहिला काय, असा त्याचा प्रश्न आहे.

हा फरक वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. आमच्या मते तो क्षुल्लक नाही. ज्याने पाणी मागितले तो स्वतःच्या देहासाठी मागत होता. ज्याने मृगाची चौकशी केली तो आपल्या हातून अर्धवट राहिलेल्या कृत्यामागे फिरत होता. या दोन राजांचा अपराध एकच असला, तरी त्यांचे शील एक नव्हे.

महाभारतकारांनी हा प्रसंग एकदा नव्हे, दोनदा सांगितला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३३ साली पुरी केलेली आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती पाहिली, तर तीतही दोन्ही निवेदने कायम आहेत. पहिल्यात कवी म्हणतो की, परीक्षित हा आपला पणजा पांडू याच्यासारखाच मृगयाशील होता. त्याच्या बाणाने विद्ध झालेला मृग जिवंतपणी रानात निसटला असे कधी घडले नव्हते. आणि हा एक निसटला, तो जणू राजाच्या स्वतःच्या परलोकगमनाची पूर्वसूचनाच होती. यज्ञमृगास विद्ध करून, हाती धनुष्य घेऊन आकाशात त्याच्यामागे जाणाऱ्या रुद्राची उपमाही तेथे दिली आहे. दुसऱ्या निवेदनात जनमेजयाचे मंत्री त्यास पित्याची हकीकत सांगतात. त्यावरून राजा त्या वेळी साठ वर्षांचा होता आणि शस्त्रे बाळगून पायीच गहन अरण्यात शोध करीत होता, असे कळते.

हे तपशील कवीने उगाच भरलेले नाहीत, हे कळण्यास धनुष्यबाणाच्या शिकारीची थोडी माहिती असावी लागते. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीस बंदी झाली, आणि ते योग्यच झाले. त्यामुळे ही विद्या आपणांस केवळ ग्रंथांतूनच कळावयाची. अमेरिकेत मात्र कित्येक संस्थानांत ठरावीक हंगामात अशी शिकार कायद्याने करता येते. तेथील सॅक्स्टन पोप नावाच्या शल्यवैद्याने १९२३ साली या विषयावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. १९११ साली कॅलिफोर्नियात एकाकी अवस्थेत लोकांसमोर आलेला आणि १९१६ साली वारलेला इशी हा ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा अखेरचा मनुष्य समजला जातो. त्याच्या सहवासात पोपने ही विद्या संपादन केली होती.

या विद्येतील मुख्य गोष्ट अशी की, बाण हा आघाताने मारीत नाही. त्याचे पाते रक्तवाहिन्या कापते आणि प्राणी रक्तस्रावाने मरतो. म्हणून वर्मी लागलेले हरिणही बहुधा जागच्या जागी पडत नाही; ते धावत सुटते. अशा वेळी जाणता शिकारी लगेच पाठीस लागत नाही. पाठलाग झाला नाही तर जखमी जनावर जवळपासच कोठे तरी बसते. झाला तर भीतीच्या बळावर ते दूर जाते आणि सापडत नाही. म्हणून अर्धा तास, पोटात बाण लागला असल्यास कित्येक तास, थांबावयाचे. मग पानांवरचे, गवतावरचे रक्त पाहत हलकेच पुढे सरकावयाचे. फेसाळ, तांबडेलाल रक्त फुप्फुसाचे. काळपट रक्त बहुधा यकृताचे. माग तुटला की शेवटच्या थेंबापाशी खूण करून सभोवार फेऱ्या घालीत शोधावयाचे. जखमी जनावर वेदना भोगीत रानात टाकून येणे हा त्या लोकांतही मोठा दोष मानला जातो. सारांश, बाण सोडण्यास क्षण पुरतो. त्याची जबाबदारी निस्तरण्यास धीर लागतो.

आता परीक्षिताकडे पुन्हा पाहावे. शोध अर्ध्यावर सोडून तो राजधानीस परतला असता, तर शापाचा प्रसंगच येता ना. त्यास नाशाकडे नेले ते एका अर्थी त्याच्या कर्तव्याने. परंतु त्या कर्तव्यात अभिमानाचाही अंश होता, कारण आजवर त्याचा एकही मृग हुकलेला नव्हता. धीर आणि अभिमान यांची ही मिसळण ऋषीच्या मौनासमोर फुटते. मृगासाठी अरण्य पालथे घालणारा राजा एका निःशब्द मनुष्यासाठी घटकाभर थांबत नाही. ज्या गुणाने तो तेथवर आला, तोच ऐन वेळी अपुरा पडला. याहून खरी शोकांतिका ती कोणती?

कालिदासाच्या दुष्यंताशी तुलना केल्यास हे अधिकच स्पष्ट होते. शाकुंतलाच्या आरंभी बाण सुटण्यापूर्वीच तपस्व्यांची हाक येते आणि राजा तो उतरवितो. ही योजना कालिदासाची स्वतःची. महाभारतातील शाकुंतलोपाख्यानात ती नाही. दुष्यंतास बाणापूर्वी शब्द भेटला. त्याच्याच वंशातील परीक्षितास बाणानंतर मौन भेटले. इंग्रजी वाचकांस येथे शेक्सपियरच्या ‘ॲज यू लाइक इट’ मधील जेक्विस आठवेल. ओढ्याकाठी जखमी काळवीट पाहून तो अश्रू ढाळतो आणि त्यावरून जगाच्या निष्ठुरतेवर भाष्य करतो. पण काळविटासाठी काही करीत नाही. करुणेचे शब्द त्याच्यापाशी विपुल आहेत. परीक्षितापाशी शब्द नाहीत, परंतु पाय झिजविण्याची तयारी आहे.

भागवतकारांवर ठपका ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांस मरणोन्मुख, पश्चात्तप्त श्रोता शुकाचार्यांसमोर बसवावयाचा होता. त्या कामी तहान पुरेशी होती. आमची तक्रार आहे ती नंतरच्या कथनकारांविषयी. मुलांसाठी महाभारत लिहिणारे लेखकही भागवतातले पाणी महाभारतात आणतात आणि मृगास वगळतात. मग वाचणाऱ्या मुलास वाटते की, राजा केवळ तापट होता आणि त्यास शिक्षा झाली. कथा इतकी सोपी झाली की तीत कोणास स्वतःचे तोंड दिसत नाही.

गर्भात असतानाच अश्वत्थाम्याच्या अस्त्राने विद्ध झालेला आणि मृतवत जन्मून कृष्णकृपेने जगलेला हाच तो परीक्षित. शापानंतर एकस्तंभी प्रासादात लपून बसण्याची पाळी त्याच्यावर आली. आता माग काढणारा तक्षक होता. त्याच्या मृत्यूचा सूड म्हणून जनमेजयाने सर्पसत्र मांडले आणि त्याच सत्रात वैशंपायनांनी भारत सांगितले. म्हणजे एवढा ग्रंथ आपल्या कानी पडला, त्याच्या मुळाशी एक न सापडलेले हरिण आहे.

त्या हरणाचे पुढे काय झाले, हे व्यासांनी सांगितलेले नाही. परंतु राजाने त्याच्याविषयी विचारले होते, एवढे त्यांनी नमूद करून ठेविले. निदान तो प्रश्न तरी आपण कथेतून गाळू नये.