गटकार्य आणि वर्गातील प्रतिष्ठेची उतरंड

माध्यमिक शाळांतून पाठनिरीक्षणास जाणाऱ्या प्रत्येकास एक दृश्य चांगलेच परिचित असते. पाठाच्या मध्यावर छात्राध्यापक ‘आता गटात चर्चा करा’ अशी सूचना देतो. पुढच्या बाकावरील मुले मागे वळून बसतात. वर्गात गलबला होतो. आणि पाच-सात मिनिटांनी प्रत्येक गटातील एक मूल उभे राहून उत्तर सांगते. निरीक्षक आपल्या टिपणात ‘विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम’ असा शेरा लिहितो. हा शेरा कितपत खरा असतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. उत्तर सांगावयास उठलेले मूल बहुधा तेच असते, जे गट पडण्यापूर्वीही हात वर करीत होते. मग गटाने नेमके काय साधले?

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनेतील परस्परसंवादाचे महत्त्व ठासून सांगितले, तेव्हापासून गटकार्याच्या इष्टतेविषयी आपल्याकडे फारसा मतभेद उरलेला नाही. परंतु इष्टता मान्य झाली म्हणजे परिणामकारकता सिद्ध झाली, असे होत नाही. या बाबतीत दोन विचारसरणींची चिकित्सा उद्बोधक ठरेल.

पहिली एलियट अ‍ॅरन्सन यांची. अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरी, १९७१ साली शाळांतील वर्णभेदमूलक पृथक्करण संपुष्टात आले आणि निरनिराळ्या वंशांची मुले एकाच वर्गात आली. एकत्र बसल्याने सलोखा वाढण्याऐवजी तेढच वाढू लागली. तेव्हा अ‍ॅरन्सन व त्यांचे सहकारी यांनी पाठाचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलाकडे एकेक तुकडा सोपविण्याची योजना आखली. एकच तुकडा मिळालेली निरनिराळ्या गटांतील मुले प्रथम एकत्र जमून त्याचा अभ्यास करीत आणि मग आपापल्या गटात परतून तो इतरांस शिकवीत. तुकडे जुळवून चित्र पुरे करावयाच्या कोड्यावरून या पद्धतीस ‘जिगसॉ’ हे नाव पडले. ज्या मुलाला आजवर कोणी विचारीत नव्हते, त्याच्यापाशी आता सर्वांना हवी असलेली माहिती होती. त्याचे ऐकून घेणे इतरांस भाग पडले. यातच या योजनेचे मर्म आहे.

तथापि हे परस्परावलंबन कृत्रिम आहे, हे नाकारता येणार नाही. मुलाची किंमत येथे त्याच्या हातातील चिठ्ठीमुळे वाढते. सर्वांना पुरा पाठ वाचावयास मिळाला की ती किंमत संपते. शिवाय हे प्रारंभीचे प्रयोग पाचवीच्या वर्गांत झाले. चरित्रपर पाठाचे पाच भाग पाडता येतात. भूमितीतील सिद्धतेचे पाडता येत नाहीत. माध्यमिक स्तरावर जेथे विचारांची साखळी महत्त्वाची असते, तेथे ही पद्धत अपुरी पडते.

दुसरी विचारसरणी स्टॅनफर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांची. त्यांचा ‘डिझाइनिंग ग्रुपवर्क’ हा ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध झाला; रेचल लोटन यांच्या सहकार्याने सिद्ध झालेली त्याची तिसरी आवृत्ती २०१४ ची आहे. कोहेन यांचे प्रतिपादन असे की, काम सुरू होण्यापूर्वीच गटात प्रतिष्ठेची उतरंड तयार असते. वाचनात किंवा गुणांत पुढे असणारे, अथवा वरच्या सामाजिक स्तरातील मूल कोणत्याही कामात समर्थ असणार, अशी सर्वांची, त्याची स्वतःचीही, अपेक्षा असते. म्हणून ते अधिक बोलते. आणि कामाविषयी जे अधिक बोलते, ते अधिक शिकते. नोरीन वेब यांच्या संशोधनाचा रोखही याच दिशेचा आहे: स्पष्टीकरण देणाऱ्याचा लाभ होतो, नुसते तयार उत्तर मिळविणाऱ्याचा होत नाही. याचा अर्थ असा की, नीट न योजलेले गटकार्य वर्गातील विषमता कमी करण्याऐवजी वाढविते.

आपल्या वर्गांस हे विवेचन लागू पडते, हे सांगण्यास परदेशी आधाराची गरज नाही. घटक-चाचणीचे गुण, आडनाव, वस्ती, प्रमाण भाषेवरील पकड यांवरून कोणी बोलावे हे आपल्याकडे न सांगता ठरते. मुलीचे अक्षर चांगले म्हणून ती लेखनिक होते, आणि तिने लिहिलेले वाचून दाखवावयास मुलगा उठतो.

कोहेन यांनी सुचविलेले उपाय मुख्यतः दोन. ज्यास अनेक प्रकारची कौशल्ये लागतात असे काम निवडून, ‘ही सर्व कौशल्ये कोणा एकापाशी नाहीत; प्रत्येकापाशी काही ना काही आहे’, हे वर्गास आधीच सांगावे. आणि दुर्लक्षित मुलाने खरोखर उपयुक्त असे काही केले, की ते नेमक्या शब्दांत सर्वांसमक्ष दाखवून द्यावे.

एक उदाहरण घेऊ. शाळेच्या ध्वजस्तंभाची उंची दोन रीतींनी काढावयाची आहे. एक मीटर काठीची सावली ०.८ मीटर व स्तंभाची ६.४ मीटर भरली, तर समरूप त्रिकोणांवरून उंची ८ मीटर येते. दुसऱ्या रीतीत कोनमापकाला ओळंबा बांधून, स्तंभाचे टोक ४५ अंशांत दिसेपर्यंत मागे सरकावयाचे. समजा, हे अंतर ६.६ मीटर भरले. दोन उत्तरांत १.४ मीटरचा फरक का पडला? सूत्र पाठ असलेल्या मुलास हे चटकन सुचेलच असे नाही. ज्याने कोनमापक डोळ्याशी धरला, त्याला मात्र ठाऊक असते की कोन जमिनीपासून मोजला नव्हता, डोळ्याच्या उंचीपासून मोजला होता. येथे त्या मुलाचे म्हणणे चिठ्ठीमुळे ऐकले जात नाही; त्याने पाहिले व ताडले, म्हणून ऐकले जाते. अ‍ॅरन्सन यांच्या योजनेहून कोहेन यांची दृष्टी श्रेष्ठ ठरते ती याच ठिकाणी.

परंतु या दृष्टीच्याही मर्यादा आहेत. साठ मुलांच्या वर्गात चौघांचे पंधरा गट होतात. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत एका शिक्षकाचे पंधरा गटांकडे लक्ष राहणे अशक्य आहे. त्यापेक्षा पंधरवड्यातून एकच वेळ, जोडतासिका घेऊन, गटकार्य करावे आणि त्या वेळी दोन-तीन गटच बारकाईने पाहावेत, हे अधिक फलदायी होईल. सर्व गटास एकच गुण देणे अन्यायाचे आहे. गटातील कोणासही उभे करून ‘हे असे का?’ असे विचारता आले पाहिजे. रॉबर्ट स्लाव्हिन यांनी सामूहिक उद्दिष्टाबरोबर वैयक्तिक उत्तरदायित्वाचा आग्रह धरला, तो या दृष्टीने योग्यच आहे.

याहून गंभीर अडचण शिक्षकासंबंधी आहे. दुर्लक्षित मुलाचे सामर्थ्य शिक्षकाने हेरावे, अशी कोहेन यांची अपेक्षा. परंतु शिक्षकही त्याच उतरंडीत वाढलेला असतो. ज्या मुलाकडे त्याने वर्षभर पाहिले नाही, त्याचे कर्तृत्व त्याला एका तासात कसे दिसावे? आणि न दिसताच केलेली स्तुती ही भीक होय. मुलांना ती तत्काळ ओळखू येते. या प्रश्नाचा विचार आपल्या प्रशिक्षण महाविद्यालयांनी स्वतंत्रपणे केला पाहिजे.

त्याचा आरंभ पाठनिरीक्षणाच्या टिपणापासून करता येईल. ‘सहभाग उत्तम’ या शेऱ्याऐवजी निरीक्षकाने एकाच गटाजवळ बसून तीन गोष्टी नोंदवाव्यात: कोण किती वेळा बोलले, कोणी कोणास स्पष्टीकरण दिले, आणि कोणाच्या बोलण्याने गटाचे मत बदलले. अशी दहा टिपणे छात्राध्यापकांसमोर ठेवली, तर आपल्या वर्गात कोण गप्प बसते हे त्यांस दिसू लागेल. गटकार्याच्या परिणामकारकतेची चर्चा खऱ्या अर्थाने तेथून सुरू व्हावयाची आहे.