फुग्याची शेपटी कोणाकडे?

आमच्या पातुरात अनेक मुस्लिम घरांतील मूल दोन दिशांनी वाचायला शिकते. उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून. अशा मुलाच्या हाती मराठी चित्रकथा पडली की पहिली अडचण अक्षरांची नसते, फुग्यांची असते. चित्रात दोन माणसे बोलत असतात आणि दोघांच्या डोक्यांवर संवादाचे दोन फुगे असतात. मराठीत डावीकडचा आधी वाचायचा. उर्दूला सरावलेला डोळा उजवीकडे जातो आणि प्रश्नाआधी उत्तर वाचून बसतो. आम्ही लहानपणी असेच वाचले. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आम्हाला पुष्कळ दिवस विक्षिप्त वाटे. कोणी विचारण्याआधीच उत्तर देणारा!

पुढे कळले की दोष वेताळाचा नव्हता आणि आमचाही नव्हता. फुगा कुठे ठेवायचा हा चित्रकाराचा निर्णय असतो, आणि तो चित्राइतकाच महत्त्वाचा असतो. आधी बोलणाऱ्याचा फुगा वर, उत्तर देणाऱ्याचा जरा खाली. शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे. दोन शेपट्या एकमेकींना छेदू नयेत. फुग्याने चेहरा किंवा हात झाकू नये. फुग्याची कडा सरळ असली तर साधे बोलणे, तुटक रेघांची असली तर कुजबुज, काटेरी असली तर ओरडणे, ढगासारखी असली तर मनातला विचार. भाषांतरित चित्रकथेत आणखी एक अडचण येते. फुगा मूळ इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या मापाने काढलेला असतो. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. ती त्या मापात कोंबली की वाक्य गुदमरते. आपल्याकडे चित्रकथेचे परीक्षण लिहिणारे कथा सांगतात, रंगांची तारीफ करतात, पण फुग्यांविषयी कोणी लिहीत नाही.

आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ १९५१पासून वाचकांसमोर होता आणि शेवटपर्यंत बोलला नाही. त्याला फुगा न देणे हीच त्याची ओळख झाली. म्हणजे फुगा कोणाला द्यायचा आणि कसा द्यायचा, यात एक निवाडा असतो. हा निवाडा उघडपणे मांडणारे पुस्तक आमच्या वाचनात आले, ते ‘भीमायन’.

‘नवयान’ने २०११ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेली ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची चित्रकथा. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. या चित्रकारांनी चौकटी नाकारल्या. चौकटीत माणसे कोंडली जातात, त्यांना मोकळी जागा हवी, असा त्यांचा आग्रह. गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात त्या दिग्न्यांची नक्षी पानांवर वळत जाते आणि प्रसंग वेगळे करते. फुगेही त्यांनी आपल्या मनाचे केले. ज्यांचे बोलणे मऊ, ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्यांच्या शब्दांत विष, ज्यांचा स्पर्श डंखासारखा, त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. आणि मनात चाललेल्या विचाराच्या फुग्याला एक डोळा, मनाचा डोळा. शब्द वाचण्याआधीच कोण काय आहे ते कळते. आमच्यासारख्या दोन दिशांनी वाचणाऱ्याला तर हे वरदानच. फुगा कोणत्याही बाजूने आधी वाचा, नांगी लपत नाही.

पण म्हणूनच हे पुस्तक मुस्लिम वाचकाला स्वस्थ बसू देत नाही. त्याचा आधार आहे बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे आठवणींचे टिपण, त्यांच्या पश्चात १९९०मध्ये पुस्तिकारूपाने आलेले. त्यात आपला समाज दोनदा येतो. १९०१ साली लहानगा भीम भावंडांसह साताऱ्याहून वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. वाटेत रात्री तहानेने जीव व्याकूळ झाला. टोलनाक्यावरच्या माणसाकडे पाणी मागताना त्याने आपण मुसलमान आहोत असे सांगितले, आणि शंका राहू नये म्हणून उर्दूत बोलला. तरी पाणी मिळाले नाहीच. एका तहानलेल्या पोराने पाण्यासाठी आपली भाषा अंगावर घेतली, हे वाचताना गळा दाटतो. तिथे आपली भाषा पक्ष्याच्या फुग्यात आहे, असे मानून सुखावायला आपण मोकळे.

दुसरा प्रसंग १९३४चा, दौलताबादचा. महिना रमजानचा. किल्ल्याच्या दाराशी भरलेले तळे होते. बाबासाहेब आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रवासाची धूळ धुतली. एक पांढऱ्या दाढीचा वृद्ध मुसलमान मागून धावत आला, तळे बाटवले म्हणून ओरडत. भोवती आणखी माणसे जमली. शिवीगाळ झाली. शेवटी बाबासाहेबांनी त्यांना विचारले, तुमचा धर्म हेच शिकवतो का? अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही अडवाल का? जमाव गप्प झाला. तरी पुढे किल्ला पाहताना पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला गेला.

‘भीमायन’च्या नियमाने त्या वृद्धाच्या बोलण्याला कोणता फुगा, हे आम्ही सांगायला नको. ज्या दीनात वुजूचे पाणी सर्वांना सारखे, त्या दीनाच्या माणसाने रोजाच्या महिन्यात नांगी उगारली. इस्लाममध्ये जात नाही, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. वस्तीत मात्र बिरादऱ्या मोजतो. फुग्याची ती शेपटी आपल्याच तोंडाकडे वळलेली आहे.

तरी या पद्धतीबद्दल आमची एक तक्रार आहे. नांगी काढली की माणसाचा निकाल लागतो. वाचकाला विचार करायचे काम उरत नाही. दौलताबादची खरी गोष्ट ओरडण्यापाशी संपत नाही, ती प्रश्नानंतरच्या शांततेत आहे. गप्प झालेल्या त्या माणसांच्या मनात काय आले असेल? लाज, राग, की नुसतीच अडचण? पक्षी आणि विंचू यांच्यात त्यांची जागा नाही. जागा आहे ती तिसऱ्या फुग्यात, डोळ्याच्या. तो फुगा चित्रकारांनी घडवला, पण त्याचा उपयोग फक्त सोसणाऱ्यासाठी करायचा नसतो. डंख मारणाऱ्यालाही कधी तरी आत डोळा उघडावा लागतो, आणि कलेने तो क्षण दाखवावा, एवढीच आमची अपेक्षा.

मुस्लिम मराठी साहित्य आजवर एक प्रश्न विचारत आले: मराठी पानावर आमच्या तोंडी शब्द कोण घालतो? तो प्रश्न रास्त आहे आणि तो विचारत राहायलाच हवा. पण उद्या आपल्यातल्या कोणी चित्रकथा काढायला घेतली, तर त्याने दौलताबादचे तळे टाळू नये. त्या वृद्धाचा फुगा त्याने आपल्या हाताने काढावा, नांगीसकट. आणि त्याच पानावर, जमाव गप्प होतो तिथे, एक डोळा उघडा ठेवावा.