गिल्रेचें पुडिंग-चित्र : एक परीक्षण

जुन्या इंग्रजी उपहासचित्रांचा संग्रह करणारे त्यांस व्यक्तिचित्रें समजून चालतात. वास्तविक असें चित्र एकपक्षीय बखरीप्रमाणें पारखूनच घेतलें पाहिजे.

जेम्स गिल्रे याचें सुप्रसिद्ध पुडिंग-चित्र पाहावें. तें लंडन येथें ता. २६ फेब्रुवारी १८०५ रोजीं हॅना हंफ्री या बाईनें प्रसिद्ध केलें. इंग्लंडचा मुख्य प्रधान पिट व फ्रेंच बादशहा नेपोलियन मेजावर समोरासमोर बसून पृथ्वीगोलरूपी पुडिंग कापीत आहेत, एवढा वाच्यार्थ. व्यंग्यार्थ हत्यारांत आहे. पिटचा काटा त्रिशूळाकार. तो सागरसत्तेचें चिन्ह असून त्याच्या वांट्यास समुद्र येतो. नेपोलियन तरवारीनें यूरोप कापतो व त्याचा काटा हानोव्हरांत रुतला आहे. हानोव्हर हें इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचें वडिलोपार्जित राज्य. फ्रेंचांनीं तें १८०३ सालीं व्यापिलें होतें.

आतां साक्षीची किंमत. १७९७ पासून कांहीं वर्षें गिल्रेस पिटच्या सरकाराकडून गुप्त वेतन मिळत असे. तथापि येथें पिटही खादाडच दाखविला आहे. ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याविरुद्ध दिलेली म्हणून ही साक्ष मोलाची होय. नेपोलियनचें ठेंगणेपण मात्र अग्राह्य. त्याची नमूद उंची ५ फूट २ इंच ही फ्रेंच मापाची आहे. फ्रेंच फूट मोठा असल्यामुळें ती इंग्रजी मापानें सुमारें साडेपांच फूट, म्हणजे तत्कालीन मानानें सामान्यच भरते.

सारांश, अशा चित्रांतून मत घ्यावें, माप घेऊं नये.