खोक्यावरचे मीटर आणि पायापुढचे मीटर

खिशात मावणारी विजेरी घ्यायला गेलो की दुकानदार दोन आकडे सांगतो: प्रकाश किती ल्यूमेन आणि झोत किती मीटर. आकडे जितके मोठे तितकी विजेरी चांगली, असे विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने दोघांनीही गृहीत धरलेले असते. हे गृहीत कितपत खरे, ते या लेखात तपासायचे आहे. तपासणीसाठी शहरातला जिना न घेता गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातले बोदलकसा घेऊ, कारण विजेरीची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

बोदलकसाला १९१७ सालचे मातीचे धरण आहे. तलावाभोवती जंगल, जवळच नागझिऱ्याचे अभयारण्य, आणि परिसरात धानाच्या बांध्या. झाडीपट्टीतल्या अशा गावात रात्रीचे चालणे हौसेचे नसते. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की मोटार सुरू करायला जावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला झुंजुमुंजू होण्याआधी निघावे लागते. मंडईच्या दिवसांत नाटक संपते तेव्हा मध्यरात्र कधीच उलटलेली असते. या प्रत्येक वेळी माणसाचा एक हात गुंतलेला असतो. त्यात काठी असते, सायकल असते, टोपली असते किंवा पेंगुळलेले मूल असते. विजेरीच्या वाट्याला उरतो तो एकच हात, आणि तोही पुष्कळदा ओला.

या हाताने पाहायचे काय? दोनशे मीटरवरचे झाड नव्हे. पुढच्या दोन-तीन पावलांवर धुऱ्यावर घोणस पडली आहे का, हे पाहायचे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आणि त्यांतले जवळपास निम्मे पावसाळ्यातले आहेत. चालताना होणारा दंश बहुधा पायालाच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशियासाठीच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत रात्री चालताना दिवा वापरा, असा सल्ला आहे. दिवा कोणता, हा पुढचा प्रश्न आपला.

आता ते आकडे पाहू. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. नळातून दर मिनिटाला किती पाणी पडते, तसे. कँडेला म्हणजे तो प्रकाश एखाद्या दिशेला किती एकवटला आहे त्याचे माप. नळीचे तोंड बोटाने दाबले की तेच पाणी लांब जाते, तसे. आणि लक्स म्हणजे एक चौरस मीटर जागेवर प्रत्यक्षात किती प्रकाश पडला ते. पायाला काम पडते ते लक्सशी. खोक्यावर मात्र लक्स कुठेच छापलेले नसते.

झोताचे अंतर ठरवण्यासाठी २००९ साली अमेरिकेत एफएल-१ नावाचे प्रमाण तयार झाले. झोताच्या मध्यावर जिथे प्रकाश ०.२५ लक्सवर उतरतो, तिथपर्यंतचे अंतर छापायचे, असे हे प्रमाण सांगते. ०.२५ लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचे स्वच्छ चांदणे. समजा, खोक्यावर २०० मीटर लिहिले आहे. व्यस्त वर्गाच्या नियमाने तीव्रता निघते ०.२५ गुणिले २०० चा वर्ग, म्हणजे १०,००० कँडेला. ही तीव्रता १०० ल्यूमेनच्या विजेरीतून मिळवायची तर सगळा प्रकाश सुमारे साडेसहा अंशांच्या अरुंद शंकूत कोंबावा लागतो. तीन मीटरवर या शंकूचा व्यास भरतो फक्त ३४ सेंटिमीटर. जेवणाच्या ताटाएवढ्या या जागेवर हजार लक्सहून अधिक प्रकाश आणि भोवती अंधार, अशी ही 'शक्तिशाली' विजेरी.

त्याच १०० ल्यूमेनचा शंकू साठ अंशांचा केला तर? तीव्रता सुमारे १२० कँडेलावर येते आणि खोक्यावर छापायचे अंतर होते अवघे २२ मीटर. दुकानात ही विजेरी कोणी हातात घेणार नाही. पण तीन मीटरवर तिचे वर्तुळ जवळजवळ साडेतीन मीटर व्यासाचे पडते आणि त्यात सुमारे १३ लक्स प्रकाश असतो. विजेरी कमरेच्या उंचीवरून तिरपी धरली म्हणून यातला एक तृतीयांशच जमिनीच्या वाट्याला आला, तरी तो चांदण्याच्या सतरापट आहे. धुरा, त्याच्या दोन्ही कडा आणि कडेचे गवत एकदमच दिसते. प्रकाश आणखी कमी करून २० ल्यूमेन ठेवला तरी चांदण्याच्या तिप्पट उजेड राहतो. म्हणजे ज्या आकड्यामुळे विजेरी महाग होते, तोच आकडा बोदलकशाच्या धुऱ्यावर तिला निकामी करतो.

प्रखर ठिपक्याचा आणखी एक तोटा आहे. अंधाराला सरावलेला डोळा हजार लक्सचा ठिपका पाहिला की तो सराव गमावतो आणि तो पुरता परत यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. तोवर झोताबाहेरचे काही दिसत नाही.

वीस ल्यूमेन ऐकून कोणी हसेल. आपल्या आजोबांच्या दोन मोठ्या सेलांच्या विजेरीत बहुधा २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा बल्ब असे. त्याला लागे पाऊण वॉट, आणि तारेच्या इतक्या लहान बल्बातून दर वॉटला दहाएक ल्यूमेनच मिळत. एकूण प्रकाश सात-आठ ल्यूमेन! तेवढ्यावर पिढ्यान् पिढ्या रात्री चालल्या. आज प्रकाश-उत्सर्जक डायोड, म्हणजे एलईडी, दर वॉटला शंभर ल्यूमेन सहज देतो. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते उगीच नव्हे. या दसपट बचतीचा उपयोग सेल अधिक दिवस पुरवण्यासाठी करायला हवा होता. बाजाराने तो आकडा फुगवण्यासाठी केला.

फुगवणे कुठवर जाते, याचा हिशेब आठवी-नववीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. बोटाएवढ्या जाड लिथियम सेलवर, ज्याला १८६५० म्हणतात, पुष्कळदा ९,९०० मिलीअँपिअर-तास असे छापलेले दिसते. या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या नेहमीच्या सेलमध्ये साधारण ३,५०० मावतात, म्हणजे सुमारे १३ वॉट-तास ऊर्जा. त्याच खोक्यावर दहा हजार ल्यूमेनही असतात. दर वॉटला शंभर ल्यूमेन धरले तर त्याला १०० वॉट लागतील. सेल आठ मिनिटांत संपेल आणि त्याआधीच हात भाजेल. आदर्श हिरव्या प्रकाशाची निसर्गाने घालून दिलेली कमाल मर्यादा दर वॉटला ६८३ ल्यूमेन आहे. तीही गाठली असे मानले, तरी हा सेल तासभर पुरत नाही.

प्रामाणिक खोक्यावरचा 'चालण्याचा काळ'देखील जपूनच वाचावा. एफएल-१ प्रमाणात प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ मोजतात. पन्नास तास लिहिलेल्या विजेरीने त्यांतले बरेच तास मिणमिणत काढलेले असू शकतात.

बाजारात विजेऱ्यांचे तीन प्रकार मुख्यतः दिसतात. पहिला, बुडाशी दोन पिना असलेली आणि थेट भिंतीतल्या सॉकेटात खोचायची प्लॅस्टिकची विजेरी. हिच्यात बहुधा शिसे-आम्लाचा छोटा घट असतो. तो रिकामा ठेवून दिला की पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट घट्ट बसते आणि घट कायमचा निकामी होतो. स्वस्त नमुन्यांत रोहित्राऐवजी नुसते धारित्र असते, त्यामुळे आतला मंडलभाग घरातल्या विजेपासून अलग राहत नाही. कवच तडकलेले असेल आणि हात ओला असेल तर चार्जिंग चालू असताना तिला हात लावणे धोक्याचे आहे. ही विजेरी शेतातल्या घरी नसलेली बरी.

दुसरा, पुढचे तोंड मागेपुढे सरकणारी धातूची विजेरी. शिक्षकांच्या दृष्टीने ही मोठी मजेशीर वस्तू आहे. तोंड पुढे ओढून झोत भिंतीवर टाका. चौकोनी ठिपका पडेल. तो चौकोन म्हणजे एलईडीच्या चकतीची भिंगाने पाडलेली प्रतिमा. वर्गात भिंगाची प्रतिमा दाखवायला याहून सोपे साधन नाही. पण तोंड पुढे गेले की भिंगाला एलईडीच्या प्रकाशाचा लहानच शंकू मिळतो, बाकीचा आतल्या भिंतीत वाया जातो. शिवाय तोंड सरकवायला बहुतेक वेळा दुसरा हात लागतो, आणि तो तर सायकलीवर आहे. यातल्या अनेकींत तीन बारीक सेल असतात आणि त्यांचा प्रवाह फारशा नियंत्रणाविना थेट एलईडीला जातो. सेल उतरेल तसा प्रकाशही रोज थोडा उतरतो.

तिसरा, एका पेन्सिल सेलची छोटी विजेरी. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात आणि सेल देतो दीड, पुन्हा भरता येणारा असेल तर १.२. म्हणून तिच्यात विभवांतर वाढवणारे लहानसे मंडल असते. चांगल्या विजेरीत हेच मंडल प्रकाश बराच वेळ एकसारखा राखते. २,००० मिलीअँपिअर-तासांच्या भरता येणाऱ्या सेलमध्ये २.४ वॉट-तास ऊर्जा असते. मंडलातली गळती धरून दर वॉटला सत्तर ल्यूमेन मानले, तर २० ल्यूमेनवर ती आठ तास चालेल. रोज दीड तास चालणाऱ्याला पाच दिवस. आणि पेन्सिल सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतो. माझे मत या तिसरीच्या बाजूने आहे, पण बटण पाहिल्याशिवाय नाही.

एका हाताने वापरायच्या वस्तूत बटण हा किरकोळ तपशील नसतो. शेपटीला बटण असेल तर विजेरी सुरा उगारल्यासारखी मुठीत धरावी लागते. झोत खांद्याच्या उंचीवरून समोर जातो, पायाकडे नाही. हात खाली सोडून विजेरी धरली की अंगठा आपोआप तिच्या अंगावर, तोंडाजवळ टेकतो. बटण तिथे हवे. ते किंचित खोलगट असावे, म्हणजे खिशात आपोआप लागणार नाही. पहिल्या दाबाला मंद प्रकाश यावा, प्रखर त्यानंतर. मंद, प्रखर, लुकलुक अशी चक्री फिरवायला लावणारी विजेरी ज्याने काढली, तो एका हातात मूल घेऊन अंधारात चालला नसावा. जुन्या विजेरीचे सरकते बटण या बाबतीत अधिक शहाणे होते. ते चालू आहे की बंद, हे बोटालाच कळे.

मग कपाळावर बांधायचा दिवा का नको? दोन्ही हात मोकळे राहतात, ही त्याची बाजू खरीच भक्कम आहे, आणि मोहफुले वेचताना तोच सोयीचा. पण चालताना एक अडचण येते. दिवा डोळ्यांच्या जवळ असल्याने वस्तूची सावली तिच्यामागे दडते आणि जमीन सपाट भासते. कमरेजवळून आलेल्या तिरप्या प्रकाशात ढेकूळ, काटकी, वेटोळे या सगळ्यांच्या लांब सावल्या पडतात. पाचोळ्याच्या रंगाची घोणस रंगापेक्षा सावलीने लवकर कळते. हिवाळ्यात तलावावर धुके असले की कपाळावरचा प्रकाश थेंबांवरून उलट डोळ्यांत येतो, तोही त्रास हातातल्या दिव्याने कमी होतो.

राहिला मोबाइल. त्याचा प्रकाश चांगला पसरट असतो, हे कबूल करावे लागेल. पण ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही, चपटा फोन एका हातात तिरका धरणे अवघड जाते, आणि दंश झालाच तर १०८ ला फोन लावायला त्यातच वीज शिल्लक हवी.

शाळेत हे सगळे पडताळून पाहता येते. कोऱ्या कागदावर खोबरेल तेलाचा एक थेंब टाका. अंधाऱ्या खोलीत कागद उभा धरून दोन्ही बाजूंनी दोन विजेऱ्यांचे झोत टाका आणि एक विजेरी मागेपुढे करा. डाग दिसेनासा झाला की दोन्हीकडचा प्रकाश समान आहे. एक विजेरी अर्ध्या मीटरवर आणि दुसरी दोन मीटरवर असेल, तर दुसरीची तीव्रता सोळापट. नंतर व्हरांड्याच्या भिंतीपासून तीन मीटरवर उभे राहून दोन्हींच्या वर्तुळांचा व्यास मोजा. कोणती विजेरी कुठे कामाची ते तिथेच दिसेल. सेलची परीक्षा घ्यायची असेल तर रोज संध्याकाळी तासभर विजेरी चालू ठेवून, एकच ताजे सेल घातलेली विजेरी तुलनेला वापरून, डाग नाहीसा होण्याचे अंतर पाच दिवस टिपून ठेवावे. घरोघरच्या विजेऱ्या मुलांनी आणल्या तर तक्ता चांगला भरतो.

मण्यार मात्र या तक्त्याबाहेरची आहे. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि झोपलेल्याला विजेरीचा उपयोग नाही. तिथे गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी लागते. विजेरी मच्छरदाणीच्या आत, उजव्या हाताशी ठेवावी, म्हणजे पाय खाली टाकण्याआधी ती लावता येते.